आकाशातल्या पांढऱ्या रेघा आणि त्यांचा कायदा : ग्वाल्हेरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर-जानेवारीत आपल्या आकाशात विमानांच्या पांढऱ्या रेघा दिसू लागल्या की हे प्रश्न ठरल्यासारखे येतात. काही हळदीकुंकवाला विचारले गेले, काही व्हॉट्सॲपवर आले, काही कॉलेजातल्या मुलांनी आणले. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले आहे, वकिली केलेली नाही. पण या विषयात भौतिकशास्त्र आणि कायदा एकमेकांत असे अडकले आहेत की एक सांगायला घेतले तर दुसरे सांगावेच लागते. प्रश्न ज्या शब्दांत आले, बहुतेक त्याच शब्दांत ठेवले आहेत.

ही रेघ म्हणजे इंजिनाचा धूर ना?

नाही, तो बर्फ आहे. एक किलो विमानाचे इंधन जळले की सुमारे सव्वा किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर हवा उणे ४० अंशांच्याही खाली गेलेली असते. जानेवारीच्या पहाटे बोलताना तोंडातून वाफ दिसते, तसाच हा प्रकार. फक्त तिथे थेंब झाले की लगेच गोठतात. थेंब धरायला आधार लागतो, तो इंजिनातून निघणारे काजळीचे बारीक कण देतात. नीट पाहिलेत तर रेघ इंजिनाला चिकटून सुरू होत नाही, मध्ये थोडी जागा रिकामी असते. तप्त वायू थंड व्हायला तेवढे अंतर लागते. या रेघेला कॉन्ट्रेल म्हणतात. पुढे मीही तोच शब्द वापरतो.

एखादी रेघ दोन मिनिटांत पुसली जाते आणि एखादी तासभर पसरत राहते. असे का?

हे त्या थरातल्या हवेवर ठरते. हवा कोरडी असेल तर बर्फाचे कण पुन्हा वाफ होऊन उडून जातात. काही थरांत मात्र हवेत इतका ओलावा असतो की बर्फाच्या हिशेबाने ती शंभर टक्क्यांच्या वर भरलेली असते, तरी ढग धरलेला नसतो. अशा थरातून विमान गेले की कण विरत नाहीत, उलट आजूबाजूचा ओलावा ओढून वाढतात. वाऱ्याने रेघ फाकते, तिचा पट्टा होतो, पट्ट्याचा पातळ ढग होतो. तासाभराने पाहणाऱ्याला तो विमानाने केला हे ओळखूही येत नाही.

हे ओले थर आडवे शेकडो किलोमीटर पसरतात, पण त्यांची जाडी बहुतेकदा काही शे मीटरच असते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचा सगळा कायद्याचा आणि उपायांचा खेळ या जाडीवर चालतो.

आपल्याकडे हिवाळ्यातच जास्त का दिसतात?

तीन कारणे आहेत. उत्तर भारतावर हिवाळ्यात उंचावरचा वेगवान पश्चिमी वारा सरकून येतो आणि त्या उंचीची हवा पुरेशी थंड असते. पश्चिमी विक्षोभ येताना वरच्या थरात ओलावा आणतो. आणि ग्वाल्हेर दिल्लीहून चेन्नई, हैदराबाद, बंगळुरूकडे जाणाऱ्या विमानांच्या वाटेजवळ आहे. दिल्लीहून निघालेले विमान इथवर येईतो आपल्या उंचीवर पोचलेले असते. पावसाळ्यात वरची हवा तुलनेने उबदार असते आणि खालचे ढग दृष्टी अडवतात, म्हणून तेव्हा काही दिसत नाही.

आमच्या शेजारच्या आजी म्हणत, रेघ पसरली की दोन दिवसांत आभाळ येते. यात तथ्य आहे, पण हमखास नाही. पसरणारी रेघ वरची हवा ओली असल्याचे सांगते, पाऊस पडेलच असे नाही.

पाण्याच्या वाफेने हवामान कसे बिघडेल? पाणी तर निसर्गातच आहे.

बिघाड वाफेचा नाही, तिच्यापासून झालेल्या ढगाचा आहे. हा पातळ ढग दोन कामे करतो. दिवसा थोडे ऊन वर परतवतो, त्याने जमीन किंचित थंड राहते. आणि दिवसरात्र जमिनीतून वर जाणारी उष्णता अडवून धरतो. रात्री ऊन नसतेच, तेव्हा फक्त दुसरे काम उरते. म्हणून रात्रीची रेघ निव्वळ तापवते. ब्रिटनच्या आकाशाबद्दल २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे संध्याकाळी ६ ते सकाळी ६ या वेळात एकूण उड्डाणांपैकी फक्त चौथा हिस्सा होता, पण कॉन्ट्रेलमुळे होणाऱ्या तापण्यातला ६० ते ८० टक्के वाटा त्या उड्डाणांचा निघाला.

बरं, पण किती? कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत हे चिल्लर असेल.

चिल्लर नाही. डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेले गणित आज सगळे जण वापरतात. २०१८ पर्यंतच्या विमानवाहतुकीमुळे पृथ्वीच्या दर चौरस मीटरवर सुमारे १०१ मिलीवॉट जादा ऊर्जा अडकते, असे त्यात निघाले. यात कार्बन डायऑक्साइडचा वाटा सुमारे ३४, कॉन्ट्रेल आणि त्यांच्यापासून झालेल्या ढगांचा सुमारे ५७, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा सुमारे १७.५. गंधकाचे कण थोडे थंड करतात, म्हणून बेरीज नेमकी जुळत नाही. थोडक्यात, विमानांच्या तापवण्यातला दोनतृतीयांश भाग कार्बन डायऑक्साइडचा नाहीच.

पण त्याच निबंधात कॉन्ट्रेलच्या ५७ पुढे अनिश्चिततेचा पट्टाही दिला आहे: १७ ते ९८. म्हणजे खरा आकडा एकतृतीयांशाहून कमी असू शकतो किंवा पावणेदोनपट. कंपन्यांचे प्रतिनिधी पट्ट्याचे खालचे टोक सांगतात, पर्यावरणवाले वरचे. पट्टा मोठा आहे हे खरे, पण त्याचे खालचे टोकसुद्धा शून्य नाही.

नायट्रोजनचे ऑक्साइड आणि काजळी काय करतात?

नायट्रोजनचे ऑक्साइड वरच्या हवेत ओझोन तयार करतात, त्याने तापते. तेच ऑक्साइड मिथेनचा नाश लवकर घडवतात, त्याने थंड होते. वजाबाकी आजच्या हिशेबाने तापण्याकडे झुकते, पण आजूबाजूची हवा किती स्वच्छ आहे यावर ती बदलते. काजळी स्वतः थोडे तापवते. तिचे खरे महत्त्व बर्फाच्या कणांना आधार देण्यात आहे.

माझ्या मेव्हण्याने व्हिडिओ पाठवला आहे की सरकार विमानातून रसायने फवारते. हे तेच का?

नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी वातावरण-रसायन आणि भूरसायन या विषयांतल्या ७७ तज्ज्ञांना विचारले. त्यांतल्या ७६ जणांनी गुप्त फवारणीचा काहीही पुरावा आपल्याला दिसला नाही असे सांगितले. एका विमानाची रेघ टिकते आणि दुसऱ्याची नाही, हाच व्हिडिओतला मुख्य ‘पुरावा’ असतो. दोन विमाने वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या ओलाव्यात उडत होती, एवढेच त्यातून कळते. मेव्हण्यांना प्रेमाने सांगा. वाद घालू नका, सण जवळ आहेत.

या रेघांवर आज कुठे कायदा आहे का?

मोजण्याचा कायदा आहे, आणि तो युरोपात. थांबवण्याचा किंवा पैसे घेण्याचा कायदा कुठेच नाही.

असे का, हे पाहायला जरा मागे जावे लागेल. हवामानाचे जागतिक कायदे वायूंच्या यादीवर उभे आहेत. १९९७ च्या क्योटो करारात जे वायू मोजायचे ठरले त्यांत कॉन्ट्रेल नाही; ती वायूच नाही. त्याच कराराने आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचा विषय देशांच्या लक्ष्यांतून काढून संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमानवाहतूक संघटनेकडे, म्हणजे इकाओकडे सोपवला. २०१५ च्या पॅरिस करारात विमानांचा उल्लेखही नाही. हवामान बदलाच्या आंतरसरकारी समितीने मात्र १९९९ सालीच विमाने आणि वातावरणावर खास अहवाल काढून कॉन्ट्रेलचा प्रश्न मांडला होता. म्हणजे विज्ञानाने तक्रार नोंदवून पाव शतक होऊन गेले.

माझ्या मते खरी अडचण हिशेबाची आहे. एक किलो इंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दिल्लीवर जाळा की दमोहवर, दिवसा की रात्री, आकडा तोच. इंधनाची पावती पाहिली की उत्सर्जन कळते, आणि कारकुनाला असे सरळ गुणाकार आवडतात. कॉन्ट्रेलला असा गुणाकार नाही. शंभर विमाने तेवढेच इंधन जाळून गेली तरी त्यांतली थोडीच टिकणारी रेघ सोडतात. जपानच्या हवाई क्षेत्राच्या २०२० मधल्या अभ्यासात ८० टक्के तापवणे फक्त २.२ टक्के उड्डाणांमुळे झाले असे दिसले. त्यामुळे इंधनावर कर लावून कॉन्ट्रेल कमी होत नाही. हिशेब दर उड्डाणाचा, दर थराचा, दर तासाचा ठेवावा लागतो, आणि असा हिशेब ठेवणारा कायदा लिहायची सवय कुणालाच नव्हती.

पण इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा आहे, असे मुलाने वाचले.

बरोबर वाचले. इकाओची ही मर्यादा १९८० च्या दशकापासून आहे आणि टप्प्याटप्प्याने कडक होत आली. काजळीच्या कणांचे वजन आणि संख्या या दोन्हींवरचा नवा निकष १ जानेवारी २०२३ पासून चालू उत्पादनातल्या इंजिनांनाही लागू झाला. पण हे सगळे मोजमाप विमानतळाजवळच्या हवेसाठी आहे: उतरणे, जमिनीवर फिरणे, उडणे, ३,००० फुटांपर्यंत चढणे. कॉन्ट्रेल ३३,००० फुटांवर होते. विमानतळाशेजारी राहणाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी केलेल्या नियमाने वरचा ढग थोडा कमी झाला तर तो आनुषंगिक फायदा.

इथे एक तिढाही आहे. इंजिन जास्त दाबाने, जास्त तापवून चालवले की इंधन कमी लागते, पण नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. फक्त एकाच आकड्यावर कायदा केला तर इंजिन बनवणारे दुसऱ्या आकड्याकडे काणाडोळा करणार, हे उघड आहे. झुरिक विमानतळाने १९९७ पासून उतरण्याच्या शुल्कात इंजिनाच्या उत्सर्जनाचा भाग घातला. ती कल्पना चांगली होती, पण तीही जमिनीजवळच थांबते.

कोर्सिया म्हणून काहीतरी आहे ना? त्यात येत नाही का हे?

नाही. २०१६ मध्ये ठरलेली ती इकाओची योजना फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या कार्बन डायऑक्साइडसाठी आहे. भारत तिच्यात २०२७ पासून, सक्तीच्या टप्प्यात येतो.

युरोपने नेमके काय केले?

युरोपीय संघाची कार्बन-व्यापार योजना, म्हणजे जेवढा कार्बन सोडाल तेवढे परवाने जमा करण्याची पद्धत, २०१२ पासून विमानांनाही लागू आहे. २०२३ मध्ये तिच्यात दुरुस्ती करून संघाने म्हटले की १ जानेवारी २०२५ पासून विमान कंपन्यांनी कार्बन डायऑक्साइडखेरीज इतर परिणामही मोजायचे, कळवायचे आणि तपासून घ्यायचे. सुरुवातीची दोन वर्षे युरोपातल्या युरोपात होणारी उड्डाणे धरायची; मूळ नियमानुसार २०२७ पासून युरोपात येणारी आणि तिथून बाहेर जाणारीही. २०२७ च्या अखेरीस युरोपीय आयोगाने अहवाल द्यायचा आणि जमल्यास पुढच्या कायद्याचा प्रस्ताव मांडायचा. तोपर्यंत पैसा नाही, दंड नाही, फक्त नोंद.

मोजायचे कसे, हा यातला खरा मजेशीर भाग. कुठलीही कंपनी आपल्या विमानामागे ढग मोजायला माणूस ठेवू शकत नाही. म्हणून विमान कुठल्या वाटेने, कुठल्या उंचीवर, किती वाजता गेले, कुठले इंजिन होते, किती इंधन जळत होते, इंधनात काजळी वाढवणारी सुगंधी (ॲरोमॅटिक) संयुगे किती होती आणि त्या वेळी त्या थराची हवा कशी होती, ही माहिती एका संगणकीय प्रणालीत जाते. तिचे नाव नीट्स. प्रणाली प्रारूप, म्हणजे संगणकावरचे गणिती मॉडेल, चालवून आकडा देते. कंपनीने एखादी माहिती दिली नाही तर तिथे ठरावीक, कंपनीला जड जाणारी किंमत धरली जाते. हे कलम मला फार आवडले. माहिती लपवणाऱ्याचा आकडा मोठा निघतो, त्यामुळे माहिती देणेच परवडते. छोट्या कंपन्यांसाठी सोपी पद्धत वेगळी आहे.

यावर टीका भरपूर झाली. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा म्हणते की विज्ञान अजून पक्के नाही, मोजणी ऐच्छिक ठेवा आणि युरोपाबाहेरच्या उड्डाणांना हात लावू नका. पहिल्या मुद्द्यात दम आहे. त्या उंचीच्या ओलाव्याचे अंदाज कच्चे असतात, आणि एका विशिष्ट उड्डाणासाठी प्रारूपाने दिलेला आकडा चुकू शकतो. पण हजारो उड्डाणांची नोंद नसेल तर प्रारूप सुधारणार कशावर? मोजणी थांबवून विज्ञान पक्के होण्याची वाट पाहा, हा सल्ला मला कळलेला नाही.

रेघ काही तास टिकते, कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षे. दोघांची तुलना करायची कशी?

हा मला आलेला सर्वांत चांगला प्रश्न आहे. एका बारावीच्या मुलीने विचारला.

तुलनेसाठी किती वर्षांचा काळ धरायचा ते आधी ठरवावे लागते. ली यांच्याच निबंधात हे दाखवले आहे. शंभर वर्षांचा काळ धरला तर विमानांचा एकूण परिणाम नुसत्या कार्बन डायऑक्साइडच्या १.७ पट येतो. वीस वर्षे धरली तर ४ पट. विमान तेच, ढग तोच. फक्त किती पुढचे पाहायचे ते बदलले. हा निर्णय विज्ञानाचा नाही, आपल्याला कशाची घाई आहे याचा आहे. युरोपच्या नोंदीत २०, ५० आणि १०० वर्षे असे तिन्ही आकडे द्यावे लागतात, ते योग्यच केले.

यातून माझे एक ठाम मत झाले आहे. रेघा टाळल्या म्हणून कुणाला कार्बन क्रेडिट, म्हणजे त्या बदल्यात कार्बन सोडायची मुभा, देऊ नये. आज टाळलेला ढग उद्या तसाही नसता. पण त्या क्रेडिटच्या बदल्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड आपल्या पणतवंडांच्या डोक्यावर राहील. दोन्ही हिशेब वेगळ्या वह्यांत ठेवावेत.

विमान जरा वर किंवा खाली नेले तर रेघ टळेल ना?

टळते. थर पातळ आहे हे वर सांगितले, ते इथे उपयोगी पडते. दोन-चार हजार फूट बदलले तरी बहुतेक वेळा पुरते. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या हवाई नियंत्रण केंद्राने जर्मन संशोधकांबरोबर २०२१ मध्ये प्रत्यक्ष वाहतुकीवर हा प्रयोग केला. २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी ७० उड्डाणांच्या चाचणीचे निकाल जाहीर केले: उपग्रहाच्या चित्रांत कॉन्ट्रेल ५४ टक्क्यांनी कमी दिसल्या, आणि ज्या उड्डाणांची उंची बदलली त्यांना सुमारे २ टक्के जादा इंधन लागले.

जादा इंधन म्हणजे जादा कार्बन. मग फायदा काय?

सगळी विमाने वळवायची नाहीत, म्हणून फायदा. जपानच्या त्याच अभ्यासात १.७ टक्के उड्डाणांची उंची बदलली तर कॉन्ट्रेलचे तापवणे ५९ टक्के घटते आणि सगळ्या विमानांचे मिळून इंधन फक्त ०.०१४ टक्के वाढते, असे गणित आले. गणित आणि प्रत्यक्ष यांत फरक पडेल. अंदाज चुकला तर कोरड्या थरातले विमान आपण ओल्या थरात पाठवू, इंधनही जाईल आणि रेघही होईल. म्हणून ज्या रात्री ओलावा ठळक आहे, ज्या वाटेवर गर्दी कमी आहे, तिथूनच सुरुवात शहाणपणाची. आणि उंची बदलण्याचा शेवटचा शब्द नेहमी हवाई नियंत्रकाचा. दोन विमानांतले अंतर आधी, ढग नंतर.

इंधन बदलून नाही का जमणार?

बऱ्यापैकी जमते. साध्या इंधनातली सुगंधी संयुगे, विशेषतः नॅफ्थलीन, काजळी जास्त करतात. जैविक स्रोतांपासून केलेल्या इंधनात ती जवळजवळ नसतात. एअरबस ए३५० विमान शंभर टक्के अशा इंधनावर उडवून मागून दुसऱ्या विमानाने मोजणी केली, तेव्हा दर किलो इंधनामागे बर्फाचे कण ५६ टक्क्यांनी कमी आढळले. हा निकाल २०२४ चा.

पण हे इंधन थोडे आहे आणि महाग आहे. युरोपने २०२५ साठी २ टक्के मिश्रण बंधनकारक केले, २०३० साठी ६ टक्के. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के असे लक्ष्य ठेवले आहे. एवढे थोडे इंधन सगळ्या विमानांत समान वाटून टाकले तर कॉन्ट्रेलवर परिणाम नगण्य. तेच हिवाळ्याच्या रात्रीच्या, रेघ होणाऱ्या उड्डाणांना दिले तर कार्बनची बचत तेवढीच राहून वरचा ढगही कमी होईल. साध्या इंधनातली नॅफ्थलीन तेलशुद्धीकरणातच कमी करणे हाही एक मार्ग आहे. त्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही याचे मला नवल वाटते.

हायड्रोजनचे विमान?

त्यात काजळी नाही, पण तेवढ्याच ऊर्जेसाठी पाणी अडीचपटीहून जास्त निघते. रेघ होणारच, कण कमी आणि मोठे असल्याने ती लवकर खाली पडून विरेल अशी अपेक्षा आहे. प्रवासी वाहतुकीत यायला अवकाश आहे, तोवर हा प्रश्न राहू द्या.

महाराजपुऱ्याच्या मिराजांचे काय? सर्वांत ठळक रेघा त्यांच्याच असतात.

ग्वाल्हेरकरालाच सुचेल असा प्रश्न. महाराजपुरा हवाई तळावरची मिराज २००० ही लढाऊ विमाने १९८५ पासून आपल्या डोक्यावर आहेत, आणि त्यांच्या वळणदार रेघा प्रवासी विमानांच्या सरळ रेघांतून लगेच वेगळ्या कळतात.

कायद्याच्या दृष्टीने ती कुठल्याच वहीत नाहीत. १९४४ च्या शिकागो कराराच्या तिसऱ्या कलमाने लष्करी, सीमाशुल्क आणि पोलीस विमानांना ‘राज्याची विमाने’ म्हणून बाहेर ठेवले. इकाओचे नियम त्यांना लागू नाहीत, कोर्सिया नाही, युरोपची मोजणीही नाही.

गंमत अशी की रेघ टाळण्याचे शास्त्र लष्करानेच जन्माला घातले. दुसऱ्या महायुद्धात रेघ म्हणजे शत्रूला दिलेला पत्ता होता. जर्मनीत अर्न्स्ट श्मिट यांनी १९४१ मध्ये आणि अमेरिकेत हर्बर्ट ॲपलमन यांनी १९५३ मध्ये, किती तापमानाला आणि किती ओलाव्याला रेघ उमटते याचे सूत्र मांडले. नीट्सच्या पोटात आज त्याच सूत्राचा वारसा आहे. त्यामुळे लष्करी वैमानिकाला कॉन्ट्रेल टाळायला शिकवावे लागत नाही, तो पाहिजे तेव्हा टाळतोच. त्यांची उड्डाणे तुलनेने थोडी आणि बहुतेक छोटी असतात. मी स्वतः त्यांच्यामागे लागणार नाही. पण मोजणीतून सूट आणि परिणामातून सूट या एकच गोष्टी नव्हेत, एवढे ध्यानात असावे.

युरोपचा कायदा युरोपात. भारताला त्याचे काय?

२०१२ मध्ये आपण हेच म्हटलो होतो. युरोपने बाहेरून येणाऱ्या विमानांनाही कार्बन-व्यापारात ओढले तेव्हा भारत विरोधकांच्या पुढच्या रांगेत होता. सप्टेंबर २०११ मध्ये दिल्लीतच वीसहून जास्त देशांनी विरोधाचे संयुक्त निवेदन काढले, आणि सरकारने आपल्या कंपन्यांना युरोपला आकडे देऊ नका असे सांगितले. नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपने बाहेरच्या उड्डाणांपुरती अंमलबजावणी थांबवली. तो विरोध मला तेव्हा पटला होता: तुमच्या आकाशाचा नियम आमच्या आकाशातल्या धुराला का?

या वेळी तोच पवित्रा पुरेसा नाही. पैसे मागितलेले नाहीत, आकडे मागितले आहेत. दिल्ली-फ्रँकफर्टचे आकडे आपण दिले नाहीत तर त्या प्रणालीत ठरावीक जड किंमत पडेल, आणि उद्या पैशाची गोष्ट निघाली की तोच आकडा समोर ठेवला जाईल. शिवाय सगळी प्रारूपे युरोप आणि अटलांटिकवरच्या हवेवर घासूनपुसून तयार झाली आहेत. आपली हवा वेगळी आहे. इथे विमानाच्या उंचीवरचे तापमान कित्येकदा रेघ उमटण्याच्या सीमेवरच असते, म्हणून थोडी चूकही उत्तर उलटे करू शकते. आपल्या आकाशाचे आपले मोजमाप नसेल तर वाटाघाटीत नुसता आवाज चढवावा लागेल.

मग भारतात कुठल्या कायद्यात हे बसेल?

१९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यात बसवणे कठीण, कारण तो अपायकारक पदार्थाच्या प्रमाणावर बोलतो आणि इथे पदार्थ बर्फ आहे. २०२३ च्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत विमाने नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला भारतीय वायुयान अधिनियम आहे, आणि त्याखाली नागरी विमानवाहतूक महासंचालनालय नियम काढते. कोर्सियाचे नियमही तेच काढते. माझ्या मते नवा कायदा करायची गरज नाही. महासंचालनालयाने उड्डाणाची वाट, उंची आणि इंजिन यांची माहिती हवामान खात्याला द्यावी, खात्याने ओलाव्याचे अंदाज द्यावेत, आणि दोन-तीन हिवाळे दिल्ली-दक्षिण मार्गावर रात्रीच्या उड्डाणांची नुसती मोजणी व्हावी. कर, दंड, तिकिटावरचा अधिभार यांचा विचार त्यानंतर. युरोपातल्या काही प्रवासी विमानांवर ओलावा मोजणारी यंत्रे बसवलेली आहेत आणि ती वर्षानुवर्षे संशोधकांना आकडे देत आहेत. आपल्या दोन-चार विमानांवर तशी यंत्रे बसवणे काही परग्रहावर जाण्याइतके अवघड नाही, आणि त्या दिशेला आपण जाऊन आलोच आहोत.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये विमाने बंद होती. तेव्हा फरक पडला का?

२५ मार्च ते २५ मे देशांतर्गत विमाने बंद होती आणि आकाश खरोखर कोरे होते. पण तेव्हा रस्त्यावरचा धूर, कारखाने सगळेच बंद होते, म्हणून एकट्या रेघांचा परिणाम वेगळा काढणे अवघड. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेत तीन दिवस विमाने थांबली, तेव्हा दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक वाढल्याचे एका गटाने दाखवले. नंतरच्या अभ्यासांनी ते नैसर्गिक चढउतारातही बसते असे म्हटले. यावर फार विसंबू नका.

प्रवासी म्हणून आम्ही काय करावे?

पर्याय असेल तर दिवसाचे विमान घ्या. दिल्लीला जायचे असेल तर आगगाडी आहेच. याहून जास्त ओझे प्रवाशाच्या डोक्यावर टाकण्यात मला अर्थ दिसत नाही. कुठल्या थरातून उडायचे ते तो ठरवत नाही.

शाळेतल्या मुलांना यावर प्रकल्प करता येईल का?

उत्तम होईल, आणि खर्च काही नाही. गच्चीवरून रेघ दिसली की वेळ, दिशा आणि ती किती मिनिटे टिकली ते लिहा. विमान दाखवणाऱ्या ॲपवरून त्याची उंची घ्या. ग्वाल्हेरला हवामान खात्याचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. जगभर ठरलेल्या वेळा आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी ५:३० ला येतात. फुग्याने मोजलेले तापमान आणि ओलावा वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर उंचीनुसार पाहता येतो. तिथला ओलावा द्रवरूप पाण्याच्या हिशेबाने असतो, म्हणून शंभर टक्के दिसायची वाट पाहू नका: उणे ४० अंशांना सुमारे ६८ टक्के, उणे ५० ला सुमारे ६२ टक्के झाले की बर्फाच्या हिशेबाने हवा भरली. एवढ्या थंडीत फुग्यावरचा ओलाव्याचा संवेदक मंदावतो आणि कमी आकडा दाखवतो, तेही वहीत लिहून ठेवा. ज्या दिवशी रेघ टिकली आणि फुगा हवा कोरडी म्हणाला, ते दिवस खोडू नका, वेगळ्या रंगाने लिहा. प्रारूपवाल्यांना सर्वांत जास्त तेच लागतात.